जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय : निवृत्त हवालदाराच्या घरातून एक अभिप्राय

सैनिक निवृत्त होऊन गावी परततो, तेव्हा त्याला हक्काने जाता येईल असे सरकारी कार्यालय एकच असते, ते म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. महाराष्ट्रात ही कार्यालये पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत चालतात, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजनांचे अर्जही त्यांच्यामार्फतच जातात, आणि जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. कार्यालयाचा प्रमुख निवृत्त सेनाधिकारी असतो आणि त्याच्या हाताखालचे कल्याण संघटकही बहुधा माजी सैनिकच असतात. माझे यजमान पायदळातून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या काही वर्षांत या कार्यालयाची सेवा आम्ही पुरेपूर घेतली आहे, आणि जी घरे लवकरच आमच्या वाटेने जाणार आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. जिल्ह्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे उणे आहे ते एखाद्या कर्मचाऱ्याचे नसून व्यवस्थेचे आहे, आणि इतर जिल्ह्यांतल्या सैनिकांच्या घरांतूनही मी जवळजवळ तेच ऐकते.

या कार्यालयाकडे कोण येतो, हे आधी सांगायला हवे. निवृत्त म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर साठीचा माणूस येतो; पण सैन्यातील शिपाई, नायक किंवा हवालदार हा बहुधा पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान घरी येतो. १५ वर्षांची सेवा झाली की तो पेन्शनला पात्र होतो, आणि त्या वेळी त्याची मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, घराचे बांधकाम अर्धवट असते. सेवेत असताना त्याला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा मिळू शकते, पण ती तुकड्यातुकड्याने आणि तुकडीची सोय पाहून. म्हणजे ज्या घराचा तो कर्ता म्हणवला जातो, त्या घरात तो उभ्या नोकरीत सुट्टीवर आलेला माणूस म्हणूनच राहिलेला असतो.

आमच्याकडे यजमान राष्ट्रीय रायफल्समध्ये कुपवाड्याला असताना रात्री साडेआठच्या सुमारास फोन यायचा. रेंज मिळाली तर अर्धा तास बोलणे व्हायचे. मुलगा शाळेतले सगळे त्यांना फोनवरच सांगायचा, अगदी मला न सांगितलेलेही. ते कायमचे घरी आल्यावर तोच मुलगा त्याच वेळी पुस्तक घेऊन माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसू लागला आणि हे बाहेरच्या खोलीत एकटे बसून राहू लागले. बँक, विकास सोसायटीचे कर्ज, विम्याचे हप्ते, सासूबाईंची औषधे हे सारे मी वर्षानुवर्षे सांभाळत आले होते. त्यांनी त्यात हात घातला की मला अडथळा वाटे, आणि नाही घातला तर त्यांना आपण बिनकामाचे झालो असे वाटे. गावात सगळे त्यांना आदराने 'मेजर' म्हणतात, परंतु ग्रामसभेत त्यांच्या शब्दावर लगेच हालचाल होत नाही, याचा त्यांना फार त्रास होई. पहाटे चारला उठणे, पाच मिनिटांत जेवण उरकणे, कोणी वेळ पाळली नाही की आवाज चढणे या गोष्टी वरवर किरकोळ दिसतात, पण घरातल्या माणसांना त्या रोज सोसाव्या लागतात. अशा अवस्थेतला माणूस कागदांची पिशवी घेऊन या कार्यालयाच्या पायऱ्या चढतो, आणि त्या पिशवीचे काय करायचे हे त्यालाही नीट ठाऊक नसते.

कागदांच्या बाबतीत मात्र हे कार्यालय उत्तम काम करते, आणि मी हे मनापासून लिहिते. माजी सैनिक म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घेण्यासाठी आम्ही प्रथम गेलो, तेव्हा तेथील लिपिकाने डिस्चार्ज बुक उघडून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पत्नीच्या नावाच्या रकान्यावर ते बोट थांबले. "वहिनी, हे नाव तुमचं माहेरचं का?" असे त्यांनी विचारले. माझे माहेरचे नाव वेगळे आहे आणि लग्नात ते बदलले. आधार कार्डावर, पॅन कार्डावर आणि माझ्या सेवापुस्तकात सासरचे नाव आहे, तर यजमानांनी लग्नानंतर युनिटमध्ये दिलेल्या माहितीत माहेरचे नाव गेलेले होते. जन्मतारखेतही एका वर्षाचा फरक होता. आजच्या तारखेला त्याने काहीच अडत नव्हते, म्हणूनच ते इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

त्या लिपिकांनी पुढे जे समजावले, ते प्रत्येक सैनिकाच्या पत्नीने कान देऊन ऐकावे असे आहे. सैनिक सेवेत असेतोवर ही दुरुस्ती युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीत बदल करणारा आदेश, काढून तुलनेने सहज होते. निवृत्तीनंतर मात्र प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा, विवाह नोंदणीचा दाखला जोडा, मग तो सगळा गठ्ठा रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवा आणि पेन्शनच्या कागदांत व 'स्पर्श' या संगणक प्रणालीत नाव बदलून येण्याची वाट पाहा, असा लांबचा रस्ता आहे. आणि हे न करता सैनिकाचे निधन झाले, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याच्या विधवेला आधी स्वतःची ओळख सिद्ध करावी लागते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत आपल्याकडे किती रूढ आहे हे पाहता, महाराष्ट्रातल्या सैनिकांच्या घरी हा घोळ विशेष असणार, हे उघड आहे. आम्हाला प्रतिज्ञापत्राचा नमुना तिथेच मिळाला, कोणता कागद कोणत्या क्रमाने करायचा ते लिपिकांनी एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिले, आणि गठ्ठा पाठवण्याआधी पुन्हा एकदा तपासूनही दिला. त्यासाठी कोणी एक रुपया मागितला नाही. तालुक्याच्या ठिकाणी याच कामाचे हजारो रुपये घेणारे दलाल बसलेले असतात, म्हणून हे आवर्जून नोंदवते.

आरोग्याच्या बाबतीत या कार्यालयाची भूमिका केवळ मार्गदर्शकाची आहे. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, ती १ एप्रिल २००३ पासून स्वतंत्रपणे चालते. तिचे पॉलिक्लिनिक आमच्या गावापासून दूर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन एसटी बदलून तिथे जावे लागते, तेव्हा निम्मा उत्साह वाटेतच संपतो. तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कल्याण संघटकांनी यजमानांशी दोन वाक्ये बोलताच ओळखले की त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते. "मोर्टारवर होता का?" असे त्यांनी थेट विचारले. हो म्हणताच दुसरा प्रश्न आला : निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदावर कानाची नोंद आहे का? ती नव्हती. पुष्कळ जवान सेवेत असताना दुखणे सांगत नाहीत, कारण वैद्यकीय श्रेणी खाली गेली की बढती अडेल ही भीती असते. पुढे तेच दुखणे सेवेमुळे झाले हे दाखवताना त्यांची दमछाक होते. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी ते दुखणे लष्करी सेवेमुळे उद्भवले किंवा वाढले हे मान्य व्हावे लागते, आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या सैनिकाच्या बाबतीत त्यातून आलेले अपंगत्व किमान २० टक्के ठरावे लागते. भरतीच्या वेळी तंदुरुस्त असलेल्या सैनिकाला पुढे झालेला आजार सेवेशी निगडित आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. दाद मागायची तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. एवढी माहिती आम्हाला त्या लाकडी बाकावर बसून मिळाली. निवृत्तीआधी ती मिळाली असती तर वैद्यकीय मंडळापुढे कानाचा विषय निघाला असता. हे सांगण्याचे काम युनिट सोडण्यापूर्वीच व्हायला हवे आणि त्यासाठी या कार्यालयांना सेवेतल्या सैनिकांपर्यंत पोहोचण्याची सोय हवी.

आता ज्या खिडकीवर सर्वांत जास्त गर्दी असते आणि जिथून सर्वांत कमी हाती लागते, तिच्याविषयी. रोजगार नोंदणी होते, कार्ड मिळते, आणि मग वाट पाहणे सुरू होते. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात हे प्रमाण गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के आहे. दहावी उत्तीर्ण असून १५ वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला गट क च्या काही पदांसाठी पदवीधरासमान मानण्याचीही तरतूद आहे. हे सगळे वाचायला चांगले वाटते, परंतु लेखी परीक्षेत त्याची स्पर्धा पंचविशीतल्या, वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसलेल्या मुलांशी असते, आणि खासगी कंपनीत गेले तर त्या पदवीसमान प्रमाणपत्राकडे कोणी वळूनही पाहत नाही. वाहनचालक, तारतंत्री, मेकॅनिक अशा शाखांतून आलेल्यांच्या हातात निदान एक धंदा असतो. पायदळाच्या हवालदाराने दहा जणांना दोन अडीच वर्षे नियंत्रण रेषेवर सुखरूप सांभाळले, याला कोणत्या रकान्यात बसवायचे, हे नोंदणीच्या अर्जात कुठेही नाही. यजमानांच्या अर्जावर 'कौशल्य' या शब्दापुढे शेवटी 'सुरक्षा' असे लिहिले गेले, आणि त्यानंतर जे बोलावणे आले ते सगळे पहारेकऱ्याच्याच कामाचे होते. पहाऱ्याचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. आमच्या ओळखीचे कितीतरी माजी सैनिक महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाच्या, म्हणजे मेस्कोच्या, मार्फत ते सन्मानाने करतात. परंतु माणसे, शिधा, शस्त्रे, वाहने आणि वेळ यांचा मेळ घालणारा माणूस गोदामाची देखरेख, वाहतुकीचे नियोजन, आपत्तीच्या वेळची व्यवस्था अशी कामेही करू शकतो, आणि हे मालकांना पटवून देणारे कोणी त्या कार्यालयात असायला हवे. आज तिथे तसे पदच नाही.

शिवाय कार्यालय सोमवार ते शुक्रवार चालते. जो माजी सैनिक बारा तासांच्या पाळीत गेटवर उभा आहे, त्याने तिथे यायचे तरी केव्हा? महिन्यातून एक शनिवार खुला ठेवला, तरी पुष्कळांची एका दिवसाची मजुरी वाचेल.

पैशांच्या बाबतीत मला अधिक सावध सल्ल्याची अपेक्षा होती. निवृत्तीच्या वेळी उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनच्या अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याची, रक्कम एकदम हाती येते. सैनिकाला पेन्शनच्या निम्म्यापर्यंत अंशराशीकरण करता येते आणि तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. म्हणजे आज मिळालेल्या त्या रकमेपोटी पुढची पंधरा वर्षे महिन्याला कमी पेन्शन येणार असते. ही गोष्ट घरात कोणालाच नीट माहीत नसते. रक्कम आल्याची बातमी मात्र गावभर आधी पोहोचते, आणि प्लॉटवाले, दामदुप्पटवाले, नातेवाईक सगळे त्याच महिन्यात दारात येतात. नाही म्हणण्याची सवय नसलेला आणि वीस वर्षे गावापासून दूर राहिल्याचे मनात खंतावणारा माणूस अशा वेळी हात सैल सोडतो. कार्यालयाच्या फलकावर योजनांची यादी आहे, पण अंशराशीकरणाचे साधे उदाहरण मांडून दाखवणारा एक कागद नाही. तो असावा.

जमिनीच्या तक्रारींत मात्र जिल्हाधिकारी अध्यक्ष असल्याचा खरा उपयोग दिसतो. वडील वारले तेव्हा मुलगा सीमेवर होता, वारस नोंदीला हजर राहू शकला नाही, आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव लागायचे राहून गेले, अशा कहाण्या त्या बाकावर दर वेळी ऐकू येतात. कार्यालय असे अर्ज पत्रासह तहसीलदारांकडे पाठवते आणि त्या पत्राचा मागोवाही घेते. विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा त्याच्या गैरहजेरीत पुढे रेटता येऊ नये म्हणून १९२५ पासून स्वतंत्र कायदा आहे, हेही मला तिथेच कळले.

वीरनारींशी आणि सैनिकांच्या विधवांशी तिथले वागणे मी जवळून पाहिले आहे, आणि ते अतिशय चांगले आहे. त्यांना रांगेत उभे करत नाहीत, आधी खुर्ची देतात. आम्ही शिक्षक दर वर्षी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनानिमित्त निधी गोळा करतो. १९४९ पासून चालत आलेल्या त्या निधीतून मुलीच्या लग्नासाठी मदत मंजूर झाल्याचे पत्र एका बाईंच्या हातात मी पाहिले, तेव्हापासून वर्गात त्या डब्याविषयी बोलताना मला नेमके काय सांगायचे ते कळते. मुलांच्या शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे, तिच्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलांना महिन्याला २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांसाठी सैनिकी वसतिगृहही आहे. युद्धात अपंग झालेल्यांसाठी पुण्यात १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आणि खडकी येथील पक्षाघात पुनर्वसन केंद्र या संस्था आहेत, त्यांची माहितीही इथे मिळते.

या सगळ्यात एका गोष्टीसाठी खिडकीच नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. रात्री झोप न लागणे, फटाक्याच्या आवाजाने घामाने भिजणे, मुलांशी काय बोलावे हे न सुचणे, तुकडीतल्या गेलेल्या सोबत्याच्या आठवणीने दिवसेंदिवस गप्प राहणे यांचा अर्ज करता येत नाही, आणि ज्याचा अर्ज करता येत नाही त्याची दखल घेण्याची कार्यालयाची पद्धत नाही. समुपदेशकाचे पद नाही, पत्नीने एकटीने येऊन काही विचारावे अशी जागा नाही. दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर सर्वांसाठी मोफत आहे, आणि सशस्त्र दलांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. इतका महत्त्वाचा क्रमांक आमच्या कार्यालयाच्या फलकावर मला दिसला नाही. जिथे तो लावला गेला नसेल, तिथल्या माजी सैनिकांनी तो स्वतः लिहून लावावा.

तरीही आमच्या घरात जो फरक पडला, तो याच कार्यालयातल्या एका माणसामुळे पडला. तालुक्याच्या बैठकीला येणारे कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार आहेत. कानाची चौकशी केल्यानंतर पुढच्या बैठकीत त्यांनी यजमानांना सगळे संपल्यावर थांबवून घेतले आणि मलाही बसायला सांगितले. ते म्हणाले, "हवालदार, घरी आल्यावर पहिलं वर्ष मी मुलांना फॉलइन करायला, म्हणजे रांगेत उभं राहायला, लावत होतो. बायको माहेरी गेली, तेव्हा उमगलं." यजमान कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसले, आणि मग बोलू लागले. मी त्यांच्याकडून तोवर कधी न ऐकलेल्या गोष्टी त्या दिवशी ऐकल्या. जाताना सुभेदारसाहेबांनी एकच सांगितले : घरातले एक काम पूर्णपणे मेजरकडे द्या, आणि ते त्यांच्या पद्धतीने झाले तरी मध्ये पडू नका. आमच्याकडे सासूबाईंची औषधे आणि दवाखान्याच्या तारखा तेव्हापासून यांच्याकडे आहेत. सासूबाई आता औषध एक मिनिटही उशिरा घेत नाहीत, आणि मुलगा आजीच्या गोळ्यांचा तक्ता वडिलांसोबत बसून भरतो. सुभेदारसाहेबांनी हे केले ते त्यांच्या कामाच्या यादीत नाही. त्यांची बदली झाली की पुढचा माणूस हे करीलच असे नाही. माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नी यांची महिन्यातून एक एकत्र बैठक हे कार्यालयाचे नेमून दिलेले काम व्हावे, अशी लेखी मागणी आमच्या तालुक्यातील काही कुटुंबांनी दिली आहे.

ही गरज यापुढे वाढणारच आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील चौघांपैकी तिघे चार वर्षांनी, म्हणजे विशीतच, पेन्शनशिवाय घरी परततील. त्यांच्या नोकरीचे आणि मनाचे प्रश्न घेऊन ते याच दारात उभे राहतील, आणि त्यांच्यासाठी कोणत्या खिडकीवर काय आहे, याचे उत्तर आजच तयार असायला हवे.

ज्यांच्या घरचा जवान येत्या वर्षभरात पेन्शनीवर येणार आहे, त्यांनी त्याच्या शेवटच्या सुट्टीतच या कार्यालयात जाऊन यावे, आणि दोघांनी मिळून जावे. सोबत पत्नीचे आधार व पॅन कार्ड, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि युनिटमधून मिळालेली कुटुंबाच्या नोंदींची प्रत न्यावी, नावे आणि जन्मतारखा तिथेच ताडून घ्याव्यात, आणि फरक निघाला तर सुट्टी संपवून परतल्यावर लगेच युनिटमध्ये दुरुस्तीचा अर्ज द्यावा. दुखणे असेल तर ते निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळापुढे न लाजता सांगावे. जिल्ह्याला जाणे जमत नसेल, तर कल्याण संघटकांच्या तालुका दौऱ्याची तारीख कार्यालयात फोन करून विचारून घ्यावी. आमच्याकडे ती तहसील कचेरीच्या सूचना फलकावरही लावलेली असते.